‘ओळख पटत नाही’ : डिरेक्टरी सर्व्हरमधील प्रवेशदोष आणि त्यांचे निदान

1. तीन क्रिया

मराठीत ‘ओळख सांगणे’ आणि ‘ओळख पटणे’ हे दोन वाक्प्रचार निराळे आहेत, आणि त्यांतील भेद सामान्य भाषकही कधी चुकत नाही. ओळख सांगतो तो येणारा. ओळख पटते ती दार उघडणाऱ्याला. पहिली क्रिया एकट्याला करता येते, दुसरी दोघांवाचून पुरी होत नाही. ह्या दोहोंपुढे तिसरी एक क्रिया आहे, ती परवानगीची. ओळख पटलेला पाहुणा ओसरीवर बसतो. माजघरात जाण्यास त्याला वेगळी मुभा लागते.

संगणकावरील ‘लॉगिन’ ह्या एका शब्दात ह्या तिन्ही क्रिया गुंडाळल्या गेल्या आहेत. युजरनेम लिहिणे म्हणजे ओळख सांगणे, पासवर्ड देणे म्हणजे ती पटविणे, आणि त्यानंतर ग्रंथालयाची सूची, परीक्षेचा अर्ज किंवा वेतनपत्रक उघडणे म्हणजे परवानगी मिळणे. प्रवेश नाकारला गेला म्हणजे पडद्यावर मात्र बहुधा एकच वाक्य उमटते : युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. वाचणारा साहजिकच स्वतःला दोष देतो, पासवर्ड पुन्हापुन्हा लिहून पाहतो, आणि ठरावीक चुकांनंतर खाते कुलूपबंद करण्याचा नियम जेथे लागू असेल तेथे स्वतःच्याच प्रयत्नांनी बाहेर राहतो. वस्तुतः ते वाक्य निदान नव्हे. ते बुद्ध्याच संदिग्ध ठेवलेले उत्तर आहे. ते तसे का आहे, त्यामागील खरे कारण कोणत्या क्रमाने शोधावे, आणि देवनागरी नावांच्या बाबतीत ह्या शोधास कोणते विशेष वळण लागते, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

2. डिरेक्टरीची घडण

मोठ्या संस्थेत प्रत्येक सेवेने माणसांची वेगळी यादी ठेवली तर त्या याद्यांत लवकरच विसंगती शिरते. म्हणून सर्व माणसांची नोंद एका ठिकाणी ठेवून इतर सेवांनी तिलाच विचारावे, ही डिरेक्टरी सर्व्हरमागील मूळ कल्पना होय. तिचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक, एक्स.500, 1988 मध्ये निघाले. ते लहान यंत्रांना पेलण्याजोगे नव्हते. 1993 मध्ये वेंगयिक येओंग, टिम हाउझ आणि स्टीव्ह किल ह्यांनी त्याची एक हलकी संवादपद्धती मांडली. तीच आज एलडॅप ह्या नावाने ओळखली जाते. हाउझ त्या वेळी मिशिगन विद्यापीठात होते, आणि पहिला एलडॅप सर्व्हरही त्याच विद्यापीठात घडला. 1998 मध्ये त्या कामाच्या पायावर ओपनएलडॅप हा प्रकल्प उभा राहिला. 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. आज प्रमाण मानली जाणारी एलडॅपची संहिता 2006 ची आहे.

डिरेक्टरीत प्रत्येक माणसाची एक नोंद असते आणि प्रत्येक नोंदीत अनेक रकाने असतात : आडनावाचा, पूर्ण नावाचा, युजरनेमचा, टपालपत्त्याचा, पासवर्डचा. नोंदीचे स्थान तिच्या ‘विशिष्ट नामा’ने ठरते. हे नाम पाकिटावरील पत्त्यासारखे असते. पत्त्यात जसे आधी माणूस, मग पेठ, मग शहर, तसे येथे आधी व्यक्ती, मग विभाग, मग संस्था. पत्त्यातील पेठ चुकली तर माणूस असूनही पत्र परत येते. येथेही तेच घडते.

सेवा आणि सर्व्हर ह्यांच्यामधील प्रवेशाच्या क्रियेस ‘बाइंड’ म्हणतात. बाइंडसाठी संपूर्ण विशिष्ट नाम लागते. परंतु ते पाठ असलेला माणूस विरळा. म्हणून बहुतेक सेवा दोन टप्प्यांनी काम करतात. सेवा प्रथम स्वतःच्या खात्याने, म्हणजे सेवाखात्याने, आत जाते. दिलेले युजरनेम कोणत्या नोंदीत आहे ते शोधते. सापडलेल्या नोंदीचे विशिष्ट नाम घेते. आणि मग त्या नामाने व माणसाने दिलेल्या पासवर्डने दुसरा बाइंड करते. लॉगिन ज्याला एक कृती वाटते, त्याच्या पाठीमागे असे दोन प्रवेश आणि एक शोध असतात. दोष ह्यांपैकी कोठेही असू शकतो.

3. एक उत्तर, अनेक कारणे

सर्व्हर आपले उत्तर अंकांनी देतो. 0 म्हणजे कार्य सिद्धीस गेले. 32 म्हणजे मागितलेली नोंद नाही. 34 म्हणजे विशिष्ट नामाची रचनाच अशुद्ध. 50 म्हणजे अधिकार अपुरा. 49 म्हणजे सादर केलेली ओळख ग्राह्य नाही. कोणी म्हणेल की नोंद नसेल तर बाइंडच्या वेळी 32 यावा आणि पासवर्ड चुकला असेल तर 49 यावा. ओपनएलडॅपमध्ये तसे होत नाही. नोंद नसो, पासवर्ड न जुळो, किंवा पासवर्डचा रकाना तपासण्याचा हक्कच सर्व्हरने दिलेला नसो, फसलेल्या बाइंडचे उत्तर 49 हेच असते.

ह्यामागील हेतू संरक्षणाचा आहे. समजा, ‘असा माणूस येथे नाही’ आणि ‘माणूस आहे, पण पासवर्ड चुकला’ अशी दोन भिन्न उत्तरे मिळाली. तर परका मनुष्य नावांची यादी घेऊन बसेल आणि कोणती नावे खरी आहेत हे केवळ उत्तरांच्या भेदावरून काढील. मग उरते ते पासवर्डचे अनुमान. म्हणून सर्व्हर दारावर मोघम बोलतो. ह्या मोघमपणाचा भार मात्र प्रामाणिक माणसावर पडतो. व्यवस्थापकाने ह्यातून घ्यावयाचा बोध असा की, दोषाचे कारण सर्व्हरच्या उत्तरात शोधू नये, ते सर्व्हरच्या दैनंदिनीत शोधावे. दैनंदिनी दाराच्या आतल्या बाजूस असते आणि तेथे काय मागितले गेले व काय सापडले ह्याची नोंद होते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ह्याबाबतीत किंचित बोलकी आहे. तीही 49 च देते, परंतु उत्तरासोबतच्या मजकुरात ‘डेटा’ ह्या शब्दापुढे एक उपसंकेत लिहिते. 525 म्हणजे अशी व्यक्ती नाही. 52ई म्हणजे पासवर्ड जुळला नाही. 532 म्हणजे पासवर्डची मुदत संपली. 533 म्हणजे खाते बंद ठेवले आहे. 773 म्हणजे पासवर्ड आधी बदलणे आवश्यक आहे. 775 म्हणजे खाते कुलूपबंद झाले आहे. पुष्कळ सेवा हा मजकूर गाळून केवळ ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच दाखवितात. अशा वेळी ज्याच्या पासवर्डची मुदत टळली आहे तो माणूस आपली स्मृतीच दगा देते आहे असे समजून बसतो.

4. क्रमाने विचारावयाचे पाच प्रश्न

निदानाचा मार्ग एकच : क्रिया सुट्या कराव्यात आणि प्रत्येकीस वेगळा प्रश्न विचारावा. प्रत्येक प्रश्नात मागील प्रश्नाचे होकारार्थी उत्तर गृहीत असते; म्हणून क्रम मोडू नये.

पहिला प्रश्न : संपर्क झाला काय? एलडॅपचे ठरलेले द्वार 389 क्रमांकाचे आणि आरंभापासून सांकेतिक असलेल्या संवादाचे 636 क्रमांकाचे. सांकेतिक संवादात प्रथम सर्व्हरलाच आपली ओळख प्रमाणपत्राने पटवावी लागते. प्रमाणपत्रात सर्व्हरचे नाव असेल आणि सेवेच्या मांडणीत त्याचा केवळ अंकी पत्ता लिहिला असेल, तर ही ओळख पटत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली असली तरी तेच. ओपनएलडॅपची साधने अशा वेळीही पुष्कळदा ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असेच म्हणतात, आणि व्यवस्थापक तारा तपासू लागतो. वास्तविक संपर्क झालेला असतो. फक्त विश्वास बसलेला नसतो. उलट, 13 हे उत्तर आले तर अर्थ असा की सर्व्हर उघड्या संवादावर हे काम करण्यास तयार नाही.

दुसरा प्रश्न : सेवाखाते आत गेले काय? सर्व माणसांना एकाच क्षणापासून प्रवेश बंद झाला असेल तर प्रथम संशय ह्या खात्यावर घ्यावा. माणसांच्या पासवर्डना लावलेला मुदतीचा नियम नजरचुकीने सेवाखात्यालाही लागू असतो, आणि ती मुदत संपताच सगळी संस्था बाहेर राहते. हजार माणसांचे पासवर्ड एकाच सकाळी चुकत नाहीत.

तिसरा प्रश्न : शोधात नेमकी एक नोंद मिळाली काय? येथे 0 ह्या उत्तराने फसू नये. शोध यशस्वी झाला ह्याचा अर्थ काही सापडले असा नव्हे. ओपनएलडॅपच्या दैनंदिनीत त्याच ओळीत पुढे सापडलेल्या नोंदींची संख्या असते, आणि ती शून्य असू शकते. शोधाचा आरंभबिंदू चुकीच्या शाखेवर ठेवलेला असणे, शोध एकाच पातळीपुरता मर्यादित असणे, चाळणीत भलत्याच रकान्याचे नाव लिहिलेले असणे, किंवा सेवाखात्यास त्या शाखेकडे पाहण्याचा हक्क नसणे, ही शून्याची नेहमीची कारणे होत. आरंभबिंदूच अस्तित्वात नसेल तर 32 येतो. दोन नोंदी मिळाल्या तर नीट रचलेली सेवा प्रवेश नाकारते. आणि ते योग्यच आहे, कारण दोघांपैकी कोण आला आहे हे ठरविण्यास आधार नसतो.

चौथा प्रश्न : सापडलेल्या विशिष्ट नामाने स्वतंत्रपणे बाइंड होतो काय? सेवेस बाजूला ठेवून, ओपनएलडॅपबरोबर येणाऱ्या ‘एलडॅप-हू-अ‍ॅम-आय’ ह्या साधनाने हे पाहता येते. ‘मी कोण’ असे सर्व्हरलाच विचारणारे हे साधन आहे. येथे प्रवेश मिळाला तर दोष सेवेच्या मांडणीत आहे. न मिळाला तर पासवर्डमध्ये, खात्याच्या स्थितीत किंवा हक्कांच्या नियमांत. ओपनएलडॅपमध्ये पासवर्डच्या रकान्यावर अनामिकासही ‘केवळ तपासणीपुरता’ हक्क द्यावा लागतो, कारण बाइंड पुरा होईपर्यंत येणारा प्रत्येक जण अनामिकच असतो. सुरक्षेच्या अतिरेकी काळजीने हा हक्क काढून घेतला की अचूक पासवर्डही चुकीचा ठरतो. ही चाचणी परीक्षणार्थ ठेवलेल्या वेगळ्या खात्याने करावी. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या खात्यावर प्रयोग करू नयेत.

पाचवा प्रश्न : आत आलेल्यास मुभा आहे काय? येथे एक सूक्ष्म भेद पुष्कळांना चकवितो. युजरनेमच्या रकान्याची तुलना करताना रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे एकच मानली जातात. परंतु युनिक्स पद्धतीच्या गटांत सभासदांची नावे ज्या रकान्यात असतात, तेथे मोठे आणि लहान अक्षर भिन्न मानले जाते. पहिले अक्षर मोठे लिहून आलेल्या माणसाची ओळख पटते, पण गटाच्या यादीत त्याचे नाव सापडत नाही. दाराशी ओळखलेला माणूस माजघराशी परका ठरतो.

ह्याखेरीज ‘कधी प्रवेश मिळतो, कधी मिळत नाही’ ही तक्रार वेगळी ओळखावी. एका नावामागे अनेक सर्व्हर असून त्यांतील एखादी प्रत जुनी राहिली आहे, असे ती बहुधा सुचविते.

5. देवनागरी नावे : डोळ्यास एक, यंत्रास दोन

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेस लागू आहे. मराठी नावांच्या बाबतीत तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नास आणखी एक पदर आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे.

मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्या जोड्यांत रफार आणि अर्धा र ह्यांचा भेद अर्थभेदक आहे. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ ह्या आडनावांत हाच अर्धा र येतो. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 0931 क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त चिन्ह येतात. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यामागे 200डी क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर ‘ऱ्ह’ आणि ‘र्‍ह’ सारखेच दिसतात. सर्व्हरला मात्र ते एक वाटत नाहीत.

एलडॅपच्या 2006 च्या मानकात नावांच्या तुलनेपूर्वी त्यांचे संस्करण सांगितले आहे. त्यात मोठी-लहान अक्षरे एक होतात, जादा मोकळ्या जागा गळतात, समतुल्य अक्षरक्रम एकरूप होतात, आणि अदृश्य जोडचिन्हे काढून टाकली जातात. ह्या शेवटच्या पायरीचा मराठीवरील परिणाम विलक्षण आहे. जोडचिन्ह गेले की दुसऱ्या रीतीने लिहिलेला अर्धा र उरतो तो साधा रफार. म्हणजे त्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ह्या मराठीच्या दृष्टीने भिन्न शब्दांस मानक एक मानते. आणि दोन रीतींनी लिहिलेल्या एकाच ‘दऱ्या’स भिन्न मानते. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या कळफलकाची रीत एक आणि प्रवेश मागणाऱ्याच्या कळफलकाची दुसरी असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य येते, आणि माणसास सांगितले जाते की पासवर्ड चुकला.

‘ॲ’ ह्या अक्षराचीही हीच कथा आहे. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये 2008 मध्ये, 5.1 ह्या आवृत्तीत, आले. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई, आणि आजही कित्येक कळफलक तसेच लिहितात. ह्या दोहोंस युनिकोड समतुल्य मानत नाही. त्यामुळे संस्करणानंतरही ते जुळत नाहीत.

पासवर्डच्या बाबतीत स्थिती अधिक कठोर आहे. पासवर्डची तुलना अक्षरांनी होत नाही, बाइटांनी होते. नावामागे राहिलेली मोकळी जागा क्षम्य असते. पासवर्डमागे चिकटून आलेली तशी जागा प्रवेश बुडविते. पासवर्ड पाठविण्यापूर्वी सेवेने त्याचेही संस्करण करावे अशी मानकाची शिफारस आहे, परंतु ती सक्ती नव्हे. आणि पासवर्डच्या चौकटीत केवळ टिंबे दिसत असल्याने देवनागरी पासवर्ड लिहिणाऱ्याला आपण कोणत्या रीतीने लिहिले हे पाहण्याची सोयच नसते.

तपासणाऱ्याचीही एक फसगत संभवते. नोंदी मजकुराच्या रूपाने बाहेर काढल्या असता रोमन नावे जशीच्या तशी दिसतात, पण देवनागरी नावांच्या रकान्यापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम आणि त्यामागे रोमन अक्षरे व अंक ह्यांची निरर्थक माळ दिसते. पाहणाऱ्यास वाटते की माहिती बिघडली आहे. वास्तविक ते बेस-64 ह्या पद्धतीचे लेखन असते आणि ते बिनचूक असते. देवनागरी स्वराने किंवा व्यंजनाने आरंभ होणारे जवळजवळ प्रत्येक नाव ह्या लेखनात 4, के, एस ह्या तीन चिन्हांनी सुरू होते. ही खूण ध्यानात ठेवली तर भीतीचे कारण उरत नाही. ही माळ उलगडून मूळ क्रमांक वाचणे हाच दोन समदर्शी नावांतील भेद ओळखण्याचा खात्रीचा उपाय होय.

ह्यावर रोमन युजरनेम हा उपाय सुचविला जातो, आणि व्यवहारात तोच रूढ आहे. पण ‘पाटील’मध्ये एक आय लिहावा की दोन ई, ‘दीक्षित’मध्ये एक्स लिहावा की के-एस-एच, ह्यास मराठीत सर्वमान्य नियम नाही, म्हणजे संदिग्धता केवळ स्थलांतर करते. अधिक टिकाऊ मार्ग असा की, ओळखीसाठी कधीही न बदलणारा क्रमांक ठेवावा आणि नाव हाक मारण्यापुरते राखावे. एलडॅपच्या मानकात पूर्ण नावाच्या रकान्यास एकाहून अधिक मूल्ये चालतात. तेव्हा नावाची देवनागरी व रोमन रूपे, दोन्ही लेखनरीतींसह, एकाच नोंदीत ठेवता येतात आणि शोध त्यांपैकी कोणत्याही रूपाने सफल होतो.

6. रिकामा पासवर्ड

वरील सर्व दोष खऱ्या माणसास बाहेर ठेवणारे आहेत. ह्याउलट एक दोष कोणासही आत घेणारा आहे, आणि तो तक्रारीतून कधीच उघडकीस येत नाही, कारण आत गेलेला माणूस तक्रार करीत नाही.

मानकानुसार नाव दिलेले आणि पासवर्ड रिकामा ठेवलेला बाइंड हा त्या नावाचा बाइंड नव्हेच. तो अनामिकाचा बाइंड होय. सर्व्हरने तो स्वीकारला तर उत्तर 0 येते. त्या 0 चा अर्थ ‘अनामिक म्हणून या’ एवढाच असतो. पण असावध सेवा त्याचा अर्थ ‘ओळख पटली’ असा घेते आणि सांगितलेल्या नावाचे सर्व हक्क त्या परक्याच्या हाती देते. कुलसचिवांचे युजरनेम आणि रिकामी चौकट एवढ्यावर त्यांचे कागद उघडतात. म्हणूनच सर्व्हरने असा बाइंड मुळात 53 ह्या उत्तराने नाकारावा, आणि सेवेने रिकामा पासवर्ड पुढे पाठवूच नये, अशी दुहेरी शिफारस आहे. ओपनएलडॅप तो न सांगता नाकारतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत तो बंद करण्याची सोय विंडोज सर्व्हर 2019 पासून आली. नवी सेवा डिरेक्टरीस जोडली की योग्य पासवर्डची चाचणी सर्वच घेतात. रिकाम्या पासवर्डची चाचणीही तितकीच अगत्याने घ्यावी.

7. समारोप

ह्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. प्रवेशदोषांपैकी पुष्कळसे दोष पासवर्डचे नसतात. ते नाव आणि नामधारी ह्यांचा सांधा निखळल्याचे असतात. सर्व्हरचे नाव प्रमाणपत्राशी जुळत नाही, शाखेचे नाव मांडणीशी जुळत नाही, गटातील नाव दारावरील नावाशी जुळत नाही, एका कळफलकाचे नाव दुसऱ्याच्या नावाशी जुळत नाही. सर्व्हर ह्या साऱ्यांस एकच अंक देतो आणि त्यास त्याची कारणे आहेत. परंतु जो मनुष्य साहाय्यकक्षात बसून तक्रारी ऐकतो, त्याने त्या अंकाचा अनुवाद ‘तुमचा पासवर्ड चुकला’ असा करू नये. ‘तुमची ओळख अद्याप पटलेली नाही; कोणत्या पायरीवर अडली ते पाहतो’ असे त्याने म्हणावे. हे उत्तर अधिक सौजन्याचे तर आहेच. शिवाय ते अधिक खरे आहे.